पडवीतला पेटारा

पडवीच्या उत्तरेकडच्या टोकाला, पूर्वी जिथे भाताची कणगी असायची, तिथे तो बसलेला आहे. स्वयंपाकघरातला फ्रिज उभा असतो आणि दिवसभर कोणा ना कोणासाठी दार उघडत राहतो. हा बैठ्या कामाचा. कमरेइतकी उंची, तीनशे लिटरचं पोट, वर एकच जाड झाकण आणि खाली एका अंगाला तीन बारीक दिवे: हिरवा, लाल, पिवळा. रंग मूळचा पांढरा. खाऱ्या वाऱ्याने पायांकडून गंज चढायला लागला, तेव्हा दादाने तेवढा भाग घासून प्रायमर मारला आणि गेटाचा उरलेला राखाडी रंग फासला. तेव्हापासून तो दुरंगी आहे. डीप फ्रीझर हे त्याचं नाव फक्त पावतीवर. आईने पहिल्या दिवशी त्याला ‘पेटारा’ म्हटलं आणि आता दापोलीचे मेकॅनिकसुद्धा फोनवर “पेटारा काय म्हणतोय?” असंच विचारतात.

आमच्याकडे तो आला त्याला कारण पर्यटक. हर्णे, मुरुड, कर्दे या पट्ट्यात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ असे बोर्ड एकामागून एक लागत गेले, तसा एक आमच्याही बेड्याला लागला. बोर्ड लावणं सोपं. पण पुण्या-मुंबईची माणसं येतात शनिवारी, त्यांना सुरमई हवी असते शनिवारी, आणि समुद्र काही वार बघून देत नाही. हर्ण्याच्या वाळूवर होड्या लागल्या की लिलाव होतो; एके दिवशी कोळंबीच्या पाट्या कोणी विचारत नाही, दुसऱ्या दिवशी एका पापलेटासाठी चौघे बोली लावतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच. ओले काजूगर येणार मार्च-एप्रिलात, हापूस मेमध्ये, आणि गिऱ्हाईक मागणार दिवाळीत आणि नाताळात. माल येण्याची वेळ आणि खाणारा येण्याची वेळ यांचं कधी जमतच नाही. मधला काळ कोणीतरी मुकाट्याने सांभाळायला हवा होता. २०१२च्या उन्हाळ्यात टेम्पोतून हा उतरला तो त्या नोकरीवर.

उतरला त्या दिवशीच त्याने आपला स्वभाव दाखवला. टेम्पोवाला त्याला आडवा करून पडवीच्या पायऱ्या चढवायला निघाला होता. दुकानाच्या माणसाने बजावून सांगितलं होतं की आडवा करायचा नाही, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जाऊन बसतं. तरी पायरीवर तो थोडा कलंडलाच. मग त्याला जागेवर ठेवून, अंगाखाली जांभ्याच्या चार सपाट चिपा सरकवून, रात्रीपर्यंत तसाच राहू दिला. घरात सगळे त्याच्याभोवती उभे, हातात सुरमईच्या पिशव्या, आणि तो निवांत. याला घाई केलेली चालत नाही हे तेव्हाच कळलं.

आत डोकावलं तर त्याच्यात फारसं काही नाही. पंखा नाही, आपोआप बर्फ वितळवणारी सोय नाही, दाराला खण नाहीत. खाली एका कोपऱ्यात काळा गोल कॉम्प्रेसर, आतल्या पत्र्याच्या मागे गुंडाळलेली नळी, बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली दुसरी नळी, आणि दोन्हींच्या मधे पिवळट फोम. लोक म्हणतात फ्रीझर थंडी तयार करतो. तसं काही तो करत नाही. मासे, रस, खोबरं जी ऊब घेऊन आत जातात, झाकण उघडलं की पडवीतली जी गरम हवा आत शिरते, ती ऊब आतल्या नळीत उचलायची आणि बाहेरच्या नळीतून पडवीत आणून टाकायची, एवढंच काम. म्हणून त्याच्या कुशीला हात लावला की कोमट लागायचं. पोटात उणे १८ अंश आणि कूस कोमट, ही त्याच्या तब्येतीची तेव्हाची खूण. आपण आत जितकं कमी लोटू तितकं त्याला कमी उपसावं लागतं.

झाकण वर उघडणारं असल्याचा त्याला मोठा फायदा. थंड हवा जड, ती हंड्यातल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. उभ्या फ्रिजचं दार उघडलं की ती पायावर सांडते, याची सांडत नाही. त्यामुळे वीज गेली तरी तो लगेच हाय खात नाही. गच्च भरलेला असेल आणि झाकणाला कोणी हात लावला नाही, तर जवळजवळ दोन दिवस माल टणक राहतो. अर्धाच भरलेला असेल तर एक दिवस. रिकाम्या पोटी त्याची ताकद कमी, म्हणून पावसाळ्यात माल उतरला की वहिनी पाण्याच्या बाटल्या पाऊणच भरून आत आडव्या रचते. गोठताना पाणी फुगतं, काठोकाठ भरलेली बाटली तडकते. त्याच बाटल्या मग मासे आणायला जाताना पाटीत जातात.

हट्टी मात्र आहे. झाकण उघडून कोळंबीचा डबा काढला, झाकण लावलं, आणि लगेच आठवलं की खोबरं राहिलं; पुन्हा उघडायला गेलं की झाकण हलत नाही. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने एकदा दोन्ही हातांनी हिसका दिला, तेव्हा अख्खा पेटारा चिपांवरून सरकला पण तोंड उघडलं नाही. आत शिरलेली दमट गरम हवा क्षणात गार होऊन आकसते, आतला दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. मिनिटभर थांबावं, कडेच्या रबरातून हवा हळूच आत जाते, मग करंगळीनेही उघडतो. आई म्हणते, आधी ठरवून यावं काय हवंय ते.

ठरवून येण्यासाठी वहिनीची वही आहे. झाकणाच्या बिजागरीला सुतळीने बांधलेली, शंभर पानी. डावीकडची टोपली शाकाहारी: काजूगर, किसलेलं खोबरं, मटार, आमरसाचे चपटे डबे, फणसाचे गरे. उजवीकडे मासे. मधे एक उभी फळी. आईच्या दृष्टीने ती फळी सोवळ्याची हद्द आहे, आणि श्रावणात उजव्या बाजूवर फडकं अंथरलं जातं ते थेट महिना संपेपर्यंत. प्रत्येक पिशवीवर मार्करने महिना लिहिलेला. नवा माल खाली जातो, जुना वर येतो. ही उलथापालथ केली नाही तर तळाशी मागच्या वर्षीची सुरमई पडून राहते आणि तिच्या कडांना पांढरे कोरडे डाग पडतात. पेटारा काही गोष्टी थांबवू शकतो, सगळ्या नाही. उणे १८ला मासा कुजत नाही, पण चरबीचा वास बदलत राहतो. म्हणून तेलकट बांगडा दोन-तीन महिन्यांत संपवायचा. सुरमईच्या तुकड्या जास्त दिवस काढतात. कोळंबी डब्यात पाणी घालून गोठवायची, म्हणजे तिला वाऱ्याचा स्पर्श होत नाही.

आणखी एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत आहे: एका दिवसात दहा-बारा किलोपेक्षा जास्त ताजा माल घालायचा नाही. दादाला हा नियम कधी पटत नाही. लिलावात स्वस्त मिळालं की तो पाट्याच उचलून आणतो. मग पेटारा रात्रभर दम न घेता धावतो, शेजारचा जुना मालही मऊ पडायला लागतो, आणि जे सावकाश गोठतं त्याच्यात बर्फाचे मोठे खडे धरतात. असा मासा तव्यावर टाकला की पाणी सोडतो आणि तुकडी फुटते. पाहुणे म्हणतात मासा शिळा होता. शिळा नव्हता, गर्दीत गोठलेला होता.

कोकणातली हवा ही त्याची कायमची सासू. उन्हाळ्यातही ती ओली, आणि पावसाळ्यात तर पिळून काढावी अशी. दर वेळी झाकण उघडलं की ती थोडी आत जाते आणि भिंतीवर पांढरी होऊन बसते. आधी नुसती साय. मग बोटाच्या पेराइतकी जाडी. हा बर्फ बघून नव्या माणसाला वाटतं, वा, काय कडक थंडी आहे. खरं तर तो बर्फ नळी आणि माल यांच्या मधे पांघरूण घालून बसलेला असतो. आतली ऊब नळीपर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. अर्ध्या सेंटीमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे वहिनीचं माप. ती त्यासाठी मार्करच्या टोपणाचा उपयोग करते.

साफसफाईचा दिवस येतो माल सर्वात कमी असतो तेव्हा. सकाळी प्लग काढायचा. माल क्रेटमध्ये, क्रेटवर दोन गोधड्या. तळाशी एक प्लास्टिकचं बूच असतं, ते काढून बाहेरून नळी लावायची आणि ती अंगणातल्या अळवाच्या वाफ्यात सोडायची. आत पाटावर गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण लावायचं. थोड्या वेळाने भिंतीवरचा बर्फ आतून सुटायला लागतो, आणि मग त्याचे पत्रेच्या पत्रे खाली कोसळतात, धप्प धप्प आवाज करत. घाई असेल त्याने लाकडी उलथनं घ्यावं. सुरी, विळी, स्क्रू ड्रायव्हर यांना त्या दिवशी पडवीत प्रवेश नाही. आतला पत्रा पातळ, त्याच्या पाठीलाच नळी चिकटलेली. सुरीचं टोक एकदा घुसलं की बारीक ‘सुस्स’ ऐकू येतं आणि त्या क्षणी पेटाऱ्याचा प्राण गेलेला असतो. शेवटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसायचा, कोरडा करायचा, बूच घट्ट लावायचं, रिकामाच चालू करायचा आणि पुरता गार झाल्याशिवाय माल आत ठेवायचा नाही.

इतकं करूनही तो आजारी पडतो. आणि त्याचं दुखणं तपासत गेलं की दर वेळी एकच गोष्ट हाती येते: रोग त्याच्या अंगात दिसतो, पण आलेला असतो घरातून.

पहिलं मोठं दुखणं विजेचं. आमचं घर लायनीच्या शेवटाला. मे महिन्यात संध्याकाळी वाडीतले सगळे पंप आणि पंखे चालू झाले की २३०च्या जागी १७०-१८० व्होल्ट येतात. अशा वेळी पेटाऱ्यातून एक ठरावीक तक्रार ऐकू यायची. आधी कण्हल्यासारखा ‘हूंऽऽ’, तीन-चार सेकंद, मग ‘टक’. शांतता. काही मिनिटांनी पुन्हा ‘हूंऽऽ’ आणि ‘टक’. मोटार उठायचा प्रयत्न करते, उठता येत नाही, तापते, आणि ओव्हरलोड नावाचं नाण्याएवढं रक्षक बटण तिची वीज तोडतं. असं रात्रभर चाललं तर मोटारीची वायंडिंग जळते. वीज जाऊन लगेच आली तरी हेच होतं, कारण आतल्या गॅसचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात आणि त्याआधी मोटारीला तो दाब ढकलता येत नाही. औषध सोपं होतं: वीज आल्यावर काही मिनिटं थांबून देणारा स्टॅबिलायझर. त्याची किंमत कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ.

दुसरं दुखणं उंदरांचं. कॉम्प्रेसरच्या खणात बारा महिने ऊब, वरून पाऊस नाही, शेजारी कोकमाची पोती. उंदराने तिथे संसार थाटला आणि फावल्या वेळात रिलेची वायर कुरतडली. मागून बारीक जाळी ठोकली, कोकमं माळ्यावर गेली. तिसरं रबराचं. झाकणाच्या कडेचं चुंबकी रबर खाऱ्या हवेने आणि माशाच्या पाण्याने चिकट होतं, मग एका कोपऱ्यात आखडतं. तपासायला दहाची नोट पुरते: झाकणात धरून ओढायची, अडखळत आली तर रबर ठीक, सुळकन आली तर तिथून हवा जाते. आमची नोट मागच्या डाव्या कोपऱ्यात सुळकन आली. साबणाच्या कोमट पाण्याने रबर धुतलं, पुतणीचा हेअर ड्रायर फिरवून ते मऊ केलं, बोटांनी बाहेर ओढून बसवलं, झाकणावर रात्रभर पाटा ठेवला. नवं रबर घ्यावं लागलं नाही.

खरं ऑपरेशन झालं ते गॅस गेला तेव्हा. काही पावसाळे काढल्यावर एका गणपतीत तो थांबेनाच. दिवसरात्र घरघर, आणि माल मऊ. आत पाहिलं तर एका कोपऱ्यात बर्फ, बाकीच्या भिंती कोरड्या. कुशीला हात लावला, कूस गार. पहिला आलेला मेकॅनिक गॅस भरून पैसे घेऊन गेला. दिवाळीला पुन्हा तेच. तेव्हा दापोलीचे हे म्हातारे मेकॅनिक आले. आधी स्टुलावर बसून नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, “गॅस संपत नाही वहिनी, गळतो. बंद नळीतला आहे तो. भरणाऱ्याने भोक शोधलं का, ते विचारलंत?”

भोक शोधण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. नळ्या कापून आतली कॉइल आणि बाहेरची कॉइल वेगळी केली. दोन्हीत नायट्रोजनचा दाब भरला, गेज लावलं, काट्यासमोर पेन्सिलची खूण केली आणि चहा मागितला. चहा झाला तेव्हा आतल्या कॉइलचा काटा खुणेवर होता, बाहेरच्या कॉइलचा खाली सरकला होता. बाहेरच्या पत्र्याला खाऱ्या वाऱ्याने पडलेला गंज पाठीमागच्या नळीपर्यंत पोचला होता. ती नळी फोममध्ये पुरलेली, तिथे हात जात नाही. त्यांनी ती कायमची बाद केली आणि पेटाऱ्याच्या पाठीला बाहेरून काळी जाळी बसवून जोड दिला. मग नवा फिल्टर, चांदीचा झाळ, साबणाच्या फेसाने जोडांची तपासणी, आणि व्हॅक्यूम पंप. पंप इतका वेळ चालला की दादाने दोनदा विचारलं, झालं का. मेकॅनिक म्हणाले, “यातलं तेल हवेतली ओल पितं. तुमच्याकडे ओल काय कमी आहे? पाण्याचा थेंब राहिला तर केसाएवढ्या कॅपिलरीच्या तोंडाशी गोठणार. मग हा चालणार, बंद पडणार, वितळला की पुन्हा चालणार. चोक म्हणतात त्याला.” शेवटी मागच्या पाटीवर लिहिलेले ग्रॅम वाचून, काट्यावर सिलिंडर ठेवून तेवढाच गॅस सोडला.

त्या गॅसचीही एक कुंडली आहे. पूर्वीच्या फ्रीझरांत आर-१२ असायचा: वास नाही, आग नाही, विष नाही, म्हणून सगळ्यांचा लाडका. १९७४ साली मोलिना आणि रोलँड यांनी दाखवलं की असले वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, भारत १९९२मध्ये त्यात आला आणि २०१०पर्यंत इथे त्याचं उत्पादन बंद झालं. आमच्या पेटाऱ्यात आर-१३४ए आहे. तो ओझोनला हात लावत नाही, पण हवेत सोडला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. आता नव्या फ्रीझरांत आर-६००ए किंवा आर-२९० येतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. हवेला बरे, पण पेट घेणारे. तसल्या यंत्राला झाळाची ज्योत लावणारा माणूस शिकलेलाच हवा. पाटीवर कोणता गॅस लिहिला आहे ते मेकॅनिक हत्यार उघडण्याआधी वाचतो की नाही, यावरून त्याची परीक्षा होते.

ऑपरेशननंतर पेटाऱ्याची प्रकृती बदलली. कूस कोमट राहिली नाही. आता पाठीला हात लावून बघायचं. कुशीतली ऊब गेल्यामुळे पावसाळ्यात बाहेरून घाम फुटतो, जुलैमध्ये तर त्याच्याखाली पाण्याचा ओघळ दिसतो. वहिनी सकाळ-संध्याकाळ त्याला कोरड्या फडक्याने पुसते आणि पाठ भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवते. बाकी ठणठणीत.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तो गच्च भरलेला होता. त्या वर्षी टाळेबंदीमुळे पाहुणे नव्हते, आंबा नेणाराही वेळेवर मिळत नव्हता, म्हणून निम्म्या बागेचा रस काढून आत भरला होता. दुपारी वादळ गेलं तेव्हा वाडीत सुपारी उभी नव्हती, नारळ आडवे, विजेचे खांब रस्त्यावर. लाइट लवकर येणार नाही हे सांगायला कोणी लागलं नाही. वहिनीने आधी प्लग काढला, मग झाकणावर घरातल्या गोधड्या टाकल्या आणि पुतणीला वर बसवलं, कोणी उघडू नये म्हणून. दोन दिवस पेटाऱ्याने खिंड लढवली. तिसऱ्या दिवशी वहिनीने स्वतः झाकण उघडलं आणि वहीप्रमाणे वाटप सुरू केलं. आधी मासे: झाडं तोडायला आलेल्या पोरांच्या जेवणात आणि शेजारच्या चार घरांत. मग काजूगरांची उसळ, एरवी पाहुण्यांना वाटीने मोजून वाढायची ती, पातेल्याने. रस मात्र वाया जाऊ द्यायचा नाही असं आईने ठरवलं. पडवीत तीन दगडांची चूल मांडली, पडलेल्या आंब्याचंच सरपण, आणि साखर घालून रस आटवायला घेतला. गोळे बरण्यांत गेले आणि पुढच्या होळीपर्यंत पुरले. रिकामा पेटारा सोड्याच्या पाण्याने धुऊन, झाकणात लाकडाचा तुकडा अडकवून उघडा ठेवला; बंद ठेवला असता तर वास आयुष्यभर गेला नसता. आठवडे गेले. वीज आली त्या दिवशी ती इतकी नाचत होती की गल्लीतले तीन टीव्ही गेले. आमचा प्लग वहिनीच्या ताब्यात होता, तो दुसऱ्या दिवशी लागला.

तेव्हापासून आत एक स्टीलची वाटी असते. वाटीत गोठलेलं पाणी, वर एक रुपयाचं नाणं. लग्नाकार्याला घर बंद करून गेलो आणि मागे वीज जाऊन आली, तर आल्यावर सगळं पुन्हा टणकच दिसतं आणि काही घडलंच नाही असं वाटतं. नाणं वर असेल तर बर्फ वितळलेला नाही. नाणं तळाशी गोठलेलं असेल तर माल मधे सुटला होता, आणि उजवी टोपली मुकाट्याने टाकून द्यायची.

यंदा दिवाळीनंतर विजेचं बिल वाढलं. पेटारा पुन्हा थांबेना. दादाने मोबाइलवर काचेच्या झाकणाचा नवा कोरा फ्रीझर काढून सगळ्यांना दाखवला. जुन्यावर किती खर्च करायचा, असं म्हणाला. मेकॅनिक आले. त्यांनी पाठीच्या जाळीला हात लावला, ती चांगली तापलेली. आत थर्मामीटर ठेवला, उणे २७. म्हणजे गॅस आहे, दम आहे, थांबायचं कधी तेवढं कळत नाही. त्यांनी बटण शून्यावर फिरवलं तरी कॉम्प्रेसर चालूच. “थर्मोस्टॅट चिकटलाय,” ते म्हणाले. मग त्यांनी वायरचा माग धरला. स्टॅबिलायझर एका एक्स्टेन्शन बोर्डावर, त्याच बोर्डावर विहिरीचा पंप. अर्थिंगची तार खाली तुटलेली, ओल्या पायाने हात लावला की आईला झिणझिण्या येतात ती तक्रार त्यामुळे. जाळीच्या मागे पाहुण्यांच्या चटयांची वळकटी टेकवलेली. वरचं कौल सरकून तिथे प्लास्टिकचा पत्रा घातलेला, दुपारचं ऊन सरळ झाकणावर.

“नवा आणा की,” ते दादाला म्हणाले. “त्याचंही काम माझ्याकडेच येईल.”

वहिनीने विचारलं, “नवा आणला तरी बसणार इथेच ना?”

दादाने मोबाइल खिशात घातला. पुढचे दोन दिवस पडवीत काम चाललं. बिल मेकॅनिकनी वहिनीच्याच वहीत लिहून दिलं. थर्मोस्टॅट एक. खाली अडीच एमएमची वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि स्विच, अर्थिंगचा पाइप, कोळसा, मीठ, गवंड्याची मजुरी, कौलं. दादाने बेरीज केली आणि विचारलं, “काका, यात पेटाऱ्याच्या दुरुस्तीचे किती?”

“पहिली ओळ,” ते म्हणाले. “बाकी घराची दुरुस्ती आहे.”